गाडी खाली व्हायला दोन-दोन दिवस: हॉल्टिंग मागायचं कोणाकडं आणि कसं?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. माझ्या दोन गाड्या आहेत, एक दहा चाकी आणि एक बारा चाकी. कुपवाड-मिरज एमआयडीसीतून कास्टिंग, मशीनचे सुटे भाग, हंगामात हळद आणि बेदाणा असा माल भरतो. भाड्याबद्दल तक्रार नाही, ते बाजार ठरवतो. पण हल्ली गाडी रस्त्यावर कमी आणि लोकांच्या गेटबाहेर जास्त असते. त्या उभ्या वेळेचे पैसे, म्हणजे हॉल्टिंग, मागितले की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात.

मागच्या महिन्यातलं बघा. गुरुवारी संध्याकाळी कुपवाडात भरली, शुक्रवारी दुपारी भिवंडीजवळच्या एका गोदामावर पोहोचली. गेटवरच्या माणसानं कागद बघितले आणि रांगेत लावा म्हणाला. शनिवारी दुपारी कळलं की फोर्कलिफ्ट दुसऱ्या कामावर आहे. रविवारी बंद. सोमवारी संध्याकाळी गाडी खाली झाली. मग फोनाफोनी. माल पाठवणारा म्हणतो, आम्ही वेळेत भरून दिली, पुढचं त्यांनी बघायचं. गोदामवाला म्हणतो, गाडी आम्ही भाड्यानं ठरवलीच नव्हती. मधला दलाल म्हणतो, बॅलन्सच्या (उरलेल्या भाड्याच्या) वेळी बघू. बॅलन्स आला तेव्हा हॉल्टिंगचा एक रुपया नाही, उलट खाली करायची हमाली म्हणून पैसे कापलेले. माल फोर्कलिफ्टनं उतरला, हमालानं हातसुद्धा लावला नव्हता.

मंगळवारी भिवंडीतून परतीचं भाडं ठरलेलं होतं, ते सोमवारी दुपारीच दुसऱ्या गाडीला गेलं. त्याचा हिशेब तर कुणाच्याच वहीत नाही.

जाणकारांनी सांगावं. हे पैसे नक्की कोणाकडून मागायचे, दर काय लावायचा, आणि हातात काय कागद असला म्हणजे समोरचा नाही म्हणू शकत नाही?

खंबाटकी

कुपवाडकर, ज्यानं गाडी लावली, ज्याच्याशी भाडं ठरलं, हॉल्टिंग त्याच्याकडंच. तुमचं बोलणं दलालाशी झालं असेल तर दलाल. कंपनीनं थेट लावली असेल तर कंपनी. गोदामवाल्याशी तुमचा काही ठराव नाही, त्यामुळं त्याच्या दारात भांडून घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून फक्त एक गोष्ट घ्यायची: वेळेचा पुरावा. पैसे मागच्या दाराला मागायचे, पुरावा पुढच्या गेटवर घ्यायचा. आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. हॉल्टिंग बॅलन्सच्या वेळी ठरत नाही, ते गाडी लावताना ठरतं. माल उतरला की तुमची गरज संपलेली असते. गाडी रिकामी आणि समोरच्याला आज माल हलवायचाय, तेवढ्या अर्ध्या तासात तुमचं ऐकलं जातं. त्या वेळी आपण फक्त भाड्यावर घासाघीस करतो आणि बाकी सगळं "ते बघू की" वर सोडतो.

मोठा करारनामा लागत नाही. आम्ही भाडं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच टाकतो:

"कुपवाड ते भिवंडी, भाडे ठरल्याप्रमाणे. गाडी पोहोचल्यापासून पहिले २४ तास मोफत. त्यानंतर दर १२ तासांना किंवा त्याच्या भागाला हॉल्टिंग रु. १,७५०, रविवार व सुट्टी धरून. हमाली माल मालकाकडे. मंजूर असल्यास कळवा, मग गाडी लावतो."

समोरून "ओके" आलं की झालं. ओके आलं नाही तर गाडी लावायची की नाही हा तुमचा निर्णय, पण निदान डोळे उघडे ठेवून घेतलेला.

हाच मजकूर एलआरवर (माल भरल्याच्या पावतीवर), निदान भाडेचिठ्ठीवर, यायला हवा. एलआरच्या पाठीमागं बारीक अक्षरात छापलेल्या अटी कोणी वाचत नाही. पुढच्या बाजूला हातानं लिहा.

मालवाहू

राम राम. मी डायवर हाय, जत तालुक्यातला. टायपिंग मुलगी करतीय, मी सांगतोय तसं.

मालकांची चर्चा बरोबर हाय पर गाडी उभी ऱ्हाती तवा गाडीत कोण असतं त्ये बी बोला. गेटाबाहीर गाडी लावली की आत सोडत न्हाईत, संडासला सुदिक. पाणी इकत. रांग रातचं कवा सरकल सांगता येत न्हाई, म्हणून झोपायचं न्हाई. झोपलं की मागचा फुडं जातो, न्हायतर डिझेल जातं. दोन रात्री असं काडल्यावर गाडी खाली झाली की लगीच मालकाचा फोन, पुण्याला भरायला लाव, सकाळी सहाला पायजे. मग त्याच डोळ्यानं रातीची गाडी मारायची.

हॉल्टिंग मिळालं तरी त्ये मालकाच्या खात्यावर जातं. आमाला भत्ता हाय त्योच. काई मालक देत्यात, न्हाई असं न्हाई. पर ठरवून देणारं लई कमी.

कुपवाडकर

दादा, तुम्ही बोललात ते बरं झालं. माझ्याकडं गाडी उभी राहिली तर ड्रायव्हरला जादा भत्ता देतो, पण हॉल्टिंगमधला हिस्सा असा कधी ठरवला नव्हता. तो ठरायला हवा, पटलं.

गोदामवाला

मी शिरवळ भागातल्या एका गोदामात रिसिव्हिंगला आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर चिडलाय त्या बाजूचा. आतून काय दिसतं ते सांगतो, बचाव म्हणून नाही, उपयोग होईल म्हणून.

गाड्या थांबतात त्याची कारणं बहुतेक वेळा हमाल किंवा फोर्कलिफ्ट नसतात. कागद असतात. इन्व्हॉइसवर पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा) नंबर नाही, किंवा पीओ आहे पण त्यातला माल आधीच येऊन तो बंद झालाय. इन्व्हॉइसमध्ये ४० नग, गाडीत ३८. असं काही निघालं की गाडी बाजूला घेतली जाते आणि खरेदी विभागाकडं मेल जातो. तो मेल उघडणारा माणूस शनिवारी रजेवर असतो. मग क्वालिटीवाला. कास्टिंगचा नमुना बघितल्याशिवाय तो माल उतरवू देत नाही आणि त्याची शिफ्ट पाचला संपते. शिवाय महिनाअखेर. २५ तारखेनंतर सगळ्यांनाच माल ढकलायचा असतो आणि डॉक (गाडी लावून माल उतरवायच्या जागा) असतात मोजके. सकाळी सहाला वीस गाड्या गेटवर, दुपारी तीनला एकही नाही, हे आम्ही रोज बघतो.

म्हणून गाडी भरतानाच ड्रायव्हरनं नाही तर मालकानं दोन फोन करावेत. पाठवणाऱ्याला: पीओ नंबर इन्व्हॉइसवर आहे का, आणि समोरच्यांनी गाडीची वेळ दिली आहे का. घेणाऱ्याला: अमुक गाडी अमुक माल घेऊन उद्या येतेय, कोणत्या वेळेला घ्याल.

आणि आता खंबाटकी यांच्या मेसेजबद्दल. "गाडी पोहोचल्यापासून" या शब्दांत मोठी फट आहे. आमच्या रजिस्टरमध्ये गाडी पोहोचल्याची वेळ म्हणजे गेटमधून आत घेतल्याची वेळ. बाहेर रस्त्यावर ती दीड दिवस उभी होती याची आमच्याकडं कुठंही नोंद होत नाही. तुमचा ड्रायव्हर शुक्रवारी आला, आम्ही सोमवारी सकाळी आत घेतला, तर आमच्या कागदाप्रमाणं गाडी सोमवारी सकाळी आली आणि त्याच दिवशी खाली झाली. पाठवणाऱ्यानं आम्हाला विचारलं तर आम्ही तेच लेखी कळवणार, आणि तुमचं हॉल्टिंग तिथंच संपणार.

खंबाटकी

गोदामवाले, एवढ्या स्पष्टपणे आतला माणूस सहसा बोलत नाही. आभार. आमच्या मजकुरात "गेटवर कळवल्यापासून, आत घेतल्यापासून नव्हे" अशी दुरुस्ती आजच करतो.

मग कळवल्याची नोंद कशी करायची? ड्रायव्हरनं पोहोचताक्षणी गाडीच्या नंबरप्लेटसह गेटचा फोटो काढायचा, पाटी दिसली पाहिजे, आणि लोकेशनसह ग्रुपवर टाकायचा. त्या ग्रुपमध्ये माल पाठवणाऱ्याचा माणूस आधीपासून घेतलेला हवा. हे महत्त्वाचं, कारण मग त्याला त्याच मिनिटाला कळलेलं असतं. टोकन मिळालं तर त्याचा फोटो. बारा तास झाले की पुन्हा एक मेसेज: "गाडी अजून बाहेर आहे, कृपया लक्ष घाला." फास्टॅगचे मेसेज पुसू नका. तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, प्रत्येक नाक्याची वेळ त्यात असते. शेवटच्या नाक्यावरून गाडी शुक्रवारी सकाळी गेली असेल तर ती सोमवारी पोहोचली असं म्हणायला कुणालाही जड जातं.

आणि पोच. पीओडीवर, म्हणजे माल मिळाल्याच्या कागदावर, सही-शिक्का घेताना ड्रायव्हरनं "गाडी आली" आणि "गाडी खाली झाली" या दोन्ही तारखा-वेळा लिहून घ्यायच्या. देत नसतील तर स्वतःच्या हातानं लिहून मग सही मागायची. तेही नाही केलं तर पोचेचा फोटो काढून लगेच ग्रुपवर: "आत घेतल्याची वेळ लिहिली आहे, कळवल्याची नाही." कोरी पोच हातात देऊन आठवड्यानं हॉल्टिंग मागणं फार अवघड.

हळदपेठ

मी सांगली मार्केट यार्डातला. तिकडची हॉल्टिंगची तऱ्हा वेगळी आहे म्हणून लिहितो.

हळदीच्या हंगामात यार्डात राजापुरी हळदीची आवक वाढली की गाडी उभी राहणं आलंच. तिथं गेट नाही, डॉक नाही, टोकन नाही. हमालांच्या टोळीचा नंबर लागेल तेव्हा गाडी खाली. बेदाण्याचं शीतगृह असेल तर आत जागा व्हायची वाट. शेतकऱ्याचा माल असतो, तोही गाडीशेजारी उभा असतो, त्याच्याकडून हॉल्टिंग मागायला कुणाचं मन होत नाही आणि मागूही नये असं माझं मत. हे अडत दुकानानं बघायला हवं, कारण गाडी कधी बोलवायची हे दुकान ठरवतं. माल बोलावताना "बुधवारी या" म्हणण्याऐवजी "बुधवारी दुपारी दोननंतर या" म्हटलं तरी निम्म्या गाड्यांची खोटी टळेल.

कुपवाडकरांच्या हमालीबद्दल. वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, नावाखाली गाडीवाल्याकडून पैसे घ्यायची जुनी वाईट सवय आहे आणि तिच्याविरुद्ध आपल्या भागातल्या ट्रकवाल्यांनी "ज्याचा माल त्याचा हमाल" म्हणत आवाज उठवला आहे. माथाडी कायदा १९६९ चा आहे. त्यात हमालाची मजुरी आणि त्यावरची लेव्ही काम करून घेणाऱ्या मालकानं माथाडी मंडळाकडं भरायची असते. गाडीवाला हमालाचा मालक नाही. फोर्कलिफ्टनं उतरवलेल्या मालाची हमाली कापणं तर सरळ चुकीचं. ती रक्कम हॉल्टिंगपासून वेगळी काढून वेगळी मागा. दोन्ही एकत्र केलं की दलाल एक सोडतो आणि दुसऱ्याचा हिशेब मिटवून टाकतो.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि इकडं गाड्यांच्या रांगा लागल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हाचं हॉल्टिंग कोणाचं? आमच्या यार्डातच त्यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. पूर, बंद, रस्ता अडणं यात कुणाचा दोष नसतो, पण ड्रायव्हरला जेवण लागतंच. आम्ही आता अशा वेळी निम्मा दर, असं आधीच ठरवतो.

हिशेबाची_वही

विट्याहून लिहितेय. आमच्या गाड्यांचे हिशेब मीच बघते. दराबद्दल कोणी नीट बोललं नाही म्हणून मांडून दाखवते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा दहा चाकीचा हप्ता महिना ४८,०००. विमा, टॅक्स, परमिट, पासिंग मिळून वर्षाला ९६,०००, म्हणजे महिना ८,०००. ड्रायव्हरचा पगार १८,०००. पार्किंग आणि किरकोळ ४,०००. एकूण ७८,०००. गाडी महिन्यात २६ दिवस कामाची धरली तर रोज ३,०००. उभ्या दिवसाचा ड्रायव्हरचा भत्ता ५००. झाले ३,५००. यात डिझेल नाही, टायर नाही, कारण गाडी उभी आहे. आणि यात एक रुपया नफा नाही. म्हणजे ३,५०० मिळाले तर तुम्ही फक्त खिशातून घालत नाही एवढंच. चालती गाडी सगळा खर्च जाऊन दिवसाला आणखी १,५०० मिळवत असेल तर उभ्या दिवसाची खरी किंमत ५,००० होते.

खंबाटकी यांचा १२ तासांना १,७५० हा दर याच हिशेबात बसतो, तो जास्त नाही. लोक १,००० किंवा १,५०० रुपये दिवस घेऊन गप्प बसतात कारण स्वतःच्या गाडीचा दिवस केवढ्याला पडतो हे त्यांनी मांडलेलंच नसतं. समोरच्यानं "एवढं कसं?" विचारलं तर हाच कागद पुढं करायचा. मी करते. वाद आवाजावरून आकड्यावर येतो.

बिल करताना हॉल्टिंग भाड्याच्याच बिलात, पण वेगळ्या ओळीवर लावा, तारखा-वेळांसकट. जीएसटीच्या दृष्टीनं ती रक्कम त्याच सेवेच्या मूल्यात धरली जाते. आणि दहा किंवा त्याहून कमी गाड्या असतील तर पॅनसह तसं लेखी देऊन ठेवा, म्हणजे टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापला जात नाही. ते दिलेलं नसलं की बॅलन्स कमी येतो आणि हॉल्टिंग दिलं का कापलं हेच कळत नाही.

उंब्रज_नाका

सगळं वाचलं. बोलायला चांगलं आहे. पण मी "हॉल्टिंग लिहून द्या" म्हटलं की दलाल फोन ठेवतो आणि पुढच्या मिनिटाला दुसरा बिनशर्त गाडी लावतो. बाजारात गाड्या जास्त, माल कमी. ऊस वाहतुकीचं बघा, कारखान्याच्या यार्डात नंबर येईपर्यंत गाड्या रात्र-रात्र उभ्या, आणि पैसे टनावर नि अंतरावर. तिथं हॉल्टिंग हा शब्दच नाही. एकट्यानं शहाणपण करून गाडी दारात लावून ठेवायची का?

खंबाटकी

उंब्रज, तुमचं म्हणणं खरं आहे, ते उडवून लावणार नाही. मंदीत मीही सगळीकडं अट घालू शकत नाही.

मी एक करतो. गेटांची वही ठेवतो. कोणत्या गोदामावर साधारण किती वेळ जातो, कोणत्या वारी जातो, हे लिहून. जिथं गाडी त्याच दिवशी खाली होते तिथं हॉल्टिंगचा विषयच काढत नाही, भाड्यातही थोडं सोडतो. जिथं हमखास दोन दिवस जातात तिथं दलाल लिहून देत नसेल तर ते दोन दिवस भाड्यातच धरून भाव सांगतो. तो घेतो किंवा सोडतो. दुसऱ्यानं बिनशर्त गाडी लावली तर लावू दे, त्या गेटवर पाच दिवस उभा राहून तोच पुढच्या वेळी भाव वाढवून मागतो. आणि शुक्रवारी दुपारनंतर पोहोचणारा माल अशा गेटसाठी भरतच नाही.

आपल्या असोसिएशनच्या बैठकांत भाडेवाढीवर तास-तास जातात. त्याऐवजी एकाच ओळीचा ठराव सगळ्यांनी पाळला, २४ तासांनंतर हॉल्टिंग, तर दलालाला फोन ठेवून दुसरीकडं जायला जागा उरणार नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यातले निम्मे गाडीवाले तयार झाले तरी पुष्कळ.

वकिलीण_मिरज

कायद्याच्या बाजूनं थोडं. वरती काही ठिकाणी गैरसमज होण्यासारखं आहे, आणि मला मेसेजमध्येही लोक हेच विचारतात.

एक. पैसे दिले नाहीत म्हणून माल अडवून ठेवू नका. करार कायदा १८७२ च्या कलम १७१ मध्ये ज्यांना माल रोखून धरायचा सर्वसाधारण हक्क दिलाय त्यात वाहतूकदार नाही. उलट विश्वासानं सोपवलेला माल वाहतूकदारानं बळकावला अशी तक्रार झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(३) आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हॉल्टिंगच्या काही हजारांसाठी ड्रायव्हरला पोलीस ठाण्यात बसवायची वेळ आणू नका. हे मी फार कळकळीनं सांगतेय, कारण रागाच्या भरात गाडी वळवून आणणारी माणसं बघितली आहेत.

दोन. दर लेखी ठरला असेल तर करार कायद्याचं कलम ७४ तुमच्या बाजूनं आहे, ठरलेल्या रकमेपर्यंत वाजवी भरपाई. ठरला नसेल तर कलम ७३, पण मग नुकसान किती झालं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. हिशेबाची_वही यांचा कागद तिथं कामाला येतो. मुदत साधारण तीन वर्षं, पण तीन वर्षं थांबू नका, साक्षीदार आणि फोन दोन्ही बदलतात.

तीन. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यातली १८० दिवसांची नोटीस मालाच्या नुकसानीबद्दल आहे, मालवाल्यानं वाहतूकदाराला द्यायची. हॉल्टिंगशी तिचा संबंध नाही.

चार, आणि छोट्या गाडीवाल्यांसाठी हे सगळ्यात उपयोगी. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी करून घ्या, फुकट असते. वाहतूक ही सेवा आहे, त्यामुळं २००६ चा एमएसएमई कायदा तुम्हाला लागू होऊ शकतो. लेखी ठराव असला तरी ४५ दिवसांच्या पुढं पैसे लांबवता येत नाहीत, आणि लांबवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. त्यासाठी सरकारी ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करता येतो. २०२३-२४ पासून आयकराच्या नियमामुळं कंपनीला मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, म्हणून कंपन्यांचे हिशेब विभाग आता जरा लवकर हलतात. नोंदणी मात्र काम करण्याच्या आधीची हवी, भांडण झाल्यावर केलेली नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुरावा म्हणून चालतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र जोडावं लागतं. फोन बदलताना चॅट उडवू नका. रक्कम छोटी असेल तर थेट दाव्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं लोकअदालतीसाठी अर्ज करा, कोर्ट फी नाही.

उंब्रज_नाका

ताई, गाडी अडकली तर जीएसटीच्या साइटवर एक फॉर्म असतो ना, ईडब्ल्यूबी-०४? त्यात डिटेन्शनची नोंद करता येते असं कोणीतरी सांगितलं.

वकिलीण_मिरज

तो वेगळा. अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी गाडी ३० मिनिटांपेक्षा जास्त थांबवली तर वाहतूकदारानं तक्रार नोंदवायची तो फॉर्म. गोदामाबाहेर उभ्या गाडीसाठी नाही.

पण ई-वे बिलाचा (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा) विषय निघाला ते बरं झालं. २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. कुपवाड ते भिवंडी चारशेच्या आत धरलं तर दोन दिवस. गुरुवारी काढलेलं बिल शनिवारी मध्यरात्री संपतं. कुपवाडकरांची गाडी रविवारी आणि सोमवारी बहुधा संपलेल्या ई-वे बिलावर उभी होती. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवून घेता येते. ते चुकलं आणि कोणी तपासलं तर जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली कराच्या दुप्पट दंड. रांगेत उभ्या गाडीवर हे सगळ्यात आधी बघायचं.

कुपवाडकर

ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ड्रायव्हरला बिलाची मुदत कळत नाही, ती ऑफिसातूनच बघायला हवी. फोनवर गजर लावायची सोय आजच करतो.

माणदेशी

मी मूळचा माण तालुक्यातला, सध्या अमेरिकेत ट्रक चालवतो. इकडं पहिले दोन तास मोफत आणि पुढं ताशी दर, अशी सर्वसाधारण पद्धत. तोही भाडं पक्कं करायच्या कागदावर लिहिलेला असेल तरच मिळतो, तोंडी सांगितलेला दर इथंही कोणी देत नाही. गेटवर आल्याची आणि गेल्याची वेळ कागदावर लिहून घेणं इथंही तितकंच महत्त्वाचं.

मालवाहू दादांनी लिहिलं ते वाचून राहवलं नाही. इथं ड्रायव्हरला दहा तास विश्रांतीनंतर १४ तासांची खिडकी मिळते आणि त्यात ११ तासच गाडी चालवता येते. गोदामावर गेलेले तास त्या १४ मध्ये मोजले जातात. म्हणून उशीर झाला की पुढं घाई होते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये अहवाल दिला होता: गोदामावरचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला की अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. आणि या थांबण्यामुळं ड्रायव्हरांचं वर्षाला १.१ ते १.३ अब्ज डॉलर उत्पन्न बुडतं असा त्यांचा अंदाज. तिथं १५ मिनिटांची गोष्ट चाललीय. आपल्याकडं दोन रात्री जागून खंबाटकी घाट उतरणाऱ्या माणसाबद्दल असा अभ्यास झाला तर काय आकडा येईल, विचार करवत नाही.

मालवाहू

मुलीनं वाचून दाखवलं. आमी मालकाला एवडंच म्हणतो, गाडी खाली झाल्यावर सहा तास झोपू द्या, मग कुटं बी लावा.

कुपवाडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचं सगळं धरून मजकूर असा केलाय, कुठं चुकत असेल तर सांगा:

"भाडे ठरल्याप्रमाणे. गेटवर कळवल्यापासून, आत घेतल्यापासून नव्हे, २४ तास मोफत. पुढे दर १२ तासांना किंवा त्याच्या भागाला हॉल्टिंग रु. १,७५०, रविवार व सुट्टी धरून. भरायला थांबावे लागल्यास हाच नियम. पूर किंवा रस्ता बंद असल्यास निम्मा दर. हमाली व वाराई माल मालकाकडे. ई-वे बिलाची मुदत वाढवण्यासाठी लागणारी माहिती पाठवणाऱ्याने द्यावी. मंजूर असल्यास लेखी कळवावे."

हॉल्टिंगमधला चौथा हिस्सा ड्रायव्हरचा, हे मेसेजमध्ये नाही, माझ्या वहीत आहे. दोन्ही ड्रायव्हरांना आज सांगितलं. आणि खाली झाल्यावर सहा तास गाडी कुठंही लावायची नाही, हेही.

हा मजकूर आजच एका जुन्या पार्टीला पाठवला. त्यांनी २४ ऐवजी ३६ तास मोफत मागितले. रविवार धरायचा या अटीवर मी हो म्हटलं. गाडी उद्या सकाळी भरायला लागेल.

हिशेबाची_वही

३६ तास दिलेत तर त्या भाड्यात निदान अर्ध्या दिवसाचे १,७५० धरलेत का? नसतील तर पुढच्या फेरीला धरा.

गोदामवाला

समोरच्या गोदामाला आजच फोन करा, गाडी कधी घेणार ते विचारा आणि सांगणाऱ्याचं नाव मेसेजमध्ये लिहा. वेळ मिळाली तर ३६ तासांची गरजच पडणार नाही.

खंबाटकी

त्यांची मंजुरी लेखी आली का? तोंडी असेल तर गाडी काट्यावर जायच्या आधी मेसेज मागून घ्या.

कुपवाडकर

आली आहे, स्क्रीनशॉट काढून ठेवला. गोदामालाही फोन झाला, परवा सकाळी दहाची वेळ दिलीय. ड्रायव्हरला ग्रुपमध्ये घेतलं, पाठवणाऱ्यांचा माणूसही त्यात आहे.